थंड हाताची

त्या सकाळी चिमणीनं नेहमीसारखं आईच्या तळहातावर आपलं नाव टोचलं, तर आईनं हात झटकन मागे ओढून घेतला. झालं एवढंच. कप फुटला नाही, कुणी ओरडलं नाही, खिडकीखालचा रस्ता आपला रोजच्यासारखा चालला होता. मग आईनं हात सावकाश पुढे केला आणि चिमणीचा हात शोधून काढला. बाजारात फळ घेताना दाबून बघतात तसं एकेक बोट दाबून बघितलं. नखांवरून अंगठा फिरवला, मनगट चिमटीत धरून पाहिलं आणि त्याच तळव्यावर विचारलं, “तू कोण?” चिमणीला हसूच आलं. म्हातारी आज थट्टेच्या लहरीत आहे म्हणायची. तिनं पुन्हा आपलं नाव सांगितलं, या वेळी मुद्दाम सावकाश, नीट, शाळेत मास्तरांपुढे उभं राहून सांगावं तसं. आईचा चेहरा उतरला. उतरला म्हणजे कसा, तर खालची दांडी काढल्यावर पडदा सैल पडतो तसा. तिनं दुसरा हात चिमणीच्या हातावर ठेवून दोनदा थोपटलं आणि विचारलं, “कधी?” चिमणीला वाटलं, कधी उठलीस, कधी आलीस खोलीत, असं काहीतरी विचारतेय. “आत्ताच,” ती म्हणाली. आईनं मान हलवली आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. चहा तसाच गार झाला.

आता चिमणी म्हणावं असं तिच्यात काही उरलं नव्हतं हे खरं. अंगानं चांगली भरली होती, कानामागचे केस पिकले होते, जिना चढताना भिंतीला हात लावून थांबत होती. पण नाव बाबांनी ठेवलेलं, आणि ते तोंडानं हाक मारायला ठेवलेलंच नव्हतं. आई लहानपणीच्या तापात बहिरी झाली होती. लग्न झाल्यावर बाबांनी आणि तिनं मिळून हातांची एक बोली तयार केली. कुठल्या शाळेतली नव्हे, घरची, घरातल्या तिघांपुरती. बाबा त्यात फार बडबडे. मुलगी झाल्यावर त्यांनी अंगठा आणि दोन बोटं जुळवून चोच केली आणि आईच्या तळव्यावर टुक टुक टोचली. हे हिचं नाव. पुढे आईची नजर जायला लागली, आधी कडांनी, मग मधूनही, आणि अखेर दिसायचं थांबलंच. तेव्हा हवेत करायच्या सगळ्या खुणा तळव्यावर उतरल्या. बाबा गेले. बोली बोलणाऱ्या दोघीच उरल्या. म्हणजे आईचं जग म्हणाल तर चिमणीच्या हाताएवढं होतं. हात आला की जग आलं, हात उठला की अंधार.

चिमणीचं कामही हातांचंच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काड्यांचे स्क्रू बसवायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, वाकलेली फ्रेम सरळ करायची. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू ती चिमट्याशिवाय उचलायची आणि मालक गिऱ्हाइकांना आणून दाखवायचे, बघा, हिच्या बोटांना डोळे आहेत. गेल्या थंडीपासून काय झालं कोण जाणे, स्क्रू सांडायला लागले. ती वाकून शोधायची आणि वाकल्यावर कशाला वाकले तेच विसरायची. सकाळी ब्लाउजची बटणं लावताना बोटं एकमेकांच्या पायात पाय घालायची. किल्ली कुलपात जायची, पण फिरायची नाही. आवाज तर इतका घोगरा झाला होता की दुकानात फोन उचलला की पलीकडून “साहेब, माझा चष्मा झाला का?” असं यायचं, आणि तीही “हो, झालाय,” म्हणून साहेबासारखीच फोन ठेवायची. मालक हसायचे. तीही हसायची. पण हसू चेहऱ्यावर यायलाच उशीर व्हायचा, तोवर मालक दुसऱ्या कामाला लागलेले असायचे. वय झालं, असं ती म्हणायची. थंडी आहे, म्हणायची. थंडी गेली, रस्त्यावरची माणसं बिनबाह्यांचे कपडे घालून फिरायला लागली, तरी ती स्वेटर घालून बसलेली. तेव्हासुद्धा तिनं मनाला काही लावून घेतलं नाही.

त्या सकाळनंतर मात्र घरात काहीतरी बदललं, आणि ते सांगायला गेलं तर हातात यायचं नाही. आई तिच्याशी भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. आई तिच्याशी सभ्यपणे वागायला लागली. भात भरवला की तळव्यावर “आभारी आहे” म्हणायची. आपल्या पोटच्या पोरीला कुणी आभारी आहे म्हणतं का? न्हाऊ घालताना आई अंग चोरायची, टॉवेल स्वतःच धरून ठेवायची. एकदा म्हणाली, “तुम्हाला तुमचं घर असेल. माझ्यासाठी अडकून पडू नका.” तुम्हाला! त्यांच्या बोलीत मोठ्या माणसासाठी तळव्याऐवजी हाताच्या पाठीवर बोलायचं अशी बाबांची पद्धत होती, आणि आई तिच्या हाताच्या पाठीवर बोलत होती. शेजारच्या वहिनी दिवसा आईपाशी येऊन बसायच्या. त्यांना चिमणीचं नाव, चहा, औषध, मोरी, चालले, एवढ्याच खुणा यायच्या. पण त्यांचा हात आईला ओळखू यायचा, तो हाती लागला की आई गालातल्या गालात हसायची. “जेवत नाहीत हो हल्ली,” वहिनी म्हणाल्या. “आणि मधूनच रडतात. तुमच्यात काही झालं का?” चिमणी म्हणाली, “काही नाही.” तिचा तो घोगरा आवाज भिंतीवर आपटून परत आल्यासारखा वाटला आणि क्षणभर तिला कळेना, हे बोललं कोण.

आईला जी परकी बाई जाणवत होती ती हळूहळू चिमणीलाही जाणवायला लागली. वेडेपणाच, दुसरं काय. पण सकाळी जाग यायची तेव्हा पांघरुणात आणखी कुणाचा तरी हात असायचा. जड, गार, सुजलेला. ती दुसऱ्या हातानं तो चाचपायची, धरायची, उचलून बघायची, आणि मग कोपरापर्यंत मुंग्यांची रांग चढत यायची तेव्हा पटायचं, आपलाच आहे, रात्रभर अंगाखाली अडकला होता. दिवसा टेबलावर दोन्ही हात ठेवून बसलं की ते हात तिच्या थोडे मागून चालताहेत असं वाटायचं. तिनं कप उचलायचं ठरवायचं. मग हात विचार करायचा. मग कप उचलला जायचा. मधल्या वेळात तिथं कोण असायचं? दुकानात तर चारी भिंतींना आरसे. फ्रेम घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे एक फुगीर चेहऱ्याची, अर्ध्या भुवयांची बाई सारखी उभी असायची, आणि ही बाई काय घ्यायला आली आहे असं चिमणीच्या मनात यायचं. विचारायला ती तोंड उघडायची तेव्हा आरशातली बाईही तोंड उघडायची, पण जरा सवडीनं. चिमणीला भीती वाटायची. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. कुणाला सांगणार? आणि सांगून काय, की माझ्या अंगात माझ्याआधी कुणीतरी येऊन बसलंय?

एका दुपारी सुट्टी होती. आईला उशीला टेकवून ती शेजारी बसली. हात आईच्या हातात होता, काढून घेण्याएवढंही बळ नव्हतं. आई आपणहून बोलायला लागली, हाताच्या पाठीवर, हलक्या बोटांनी. “माझी चिमणी.” आणि मग आईचं बोट तिच्या मनगटावरून कोपराकडे सरकलं. झालं-गेलं सांगायचं असेल तेव्हा ते बोट असं मागं सरकायचं. माझी चिमणी होती. “होती?” तिनं विचारलं. “होती,” आई म्हणाली, “तुम्हीच तर सांगितलंत.” चिमणी उठून बाहेरच्या खोलीत आली, अंगठा आणि दोन बोटं जुळवून तिनं आपल्याच डाव्या तळव्यावर आपलं नाव टोचलं. डावा तळवाही बधिर. बंद दारावर टकटक केल्यासारखं, आतून कुणी ओ देईना. वहिनी चहाचे कप विसळत होत्या. “वहिनी, जरा हात पुढे करा,” ती म्हणाली. “आता सांगा, मी काय म्हटलं?” वहिनींनी ओला हात पदराला पुसून पुढे केला. चिमणीनं टोचलं. वहिनी विचारात पडल्या. “टोचलं कुठे? बोटं ठेवलीत आणि पसरलीत. ते… गेलं, असं ना? तुमचे बाबा गेले तेव्हा आई मला सारखं असंच करून दाखवायच्या.” मग चिमणीच्या चेहऱ्याकडे बघून त्या दचकल्या. “अगं बाई, कोण गेलं?”

चोच जुळवून दोनदा टोचली की चिमणी. तीच चोच तळव्यावर टेकवून हळूच उघडली, बोटं पसरली, की गेलं, संपलं, मेलं. बाबांनीच केलेली ही खूण, पाळलेला कुत्रा मेला तेव्हा. आणि बाबा गेले तेव्हा इस्पितळातून घरी येऊन हीच खूण चिमणीनं आईच्या तळव्यावर केली होती. आता तिची बोटं जुळलेली राहतच नव्हती. तळव्याला लागली की सैल पडून पसरायची, आणि तिला पत्ता नसायचा, कारण बोटांच्या टोकांना काही कळत नव्हतं. त्या सकाळी एका परक्या गार हातानं आईला सांगितलं होतं की गेली. आईनं विचारलं होतं, कधी. आणि तिनं, तिच्याच जिभेला काय म्हणावं, हाताला काय म्हणावं, तिनं सांगितलं होतं की आत्ताच. चिमणी खुर्चीत बसली आणि रडायला लागली. स्वतःसाठीच रडत होती ती. मेलेल्या माणसासाठी रडतात तसं.

मग धडपड झाली. वहिनींनी आपल्या टणक बोटांनी आईच्या तळव्यावर झकास टुक टुक टोचलं आणि आईचा हात धरून चिमणीच्या गालाला लावला. आईनं मान डोलावली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि वहिनींचाच हात थोपटला: हो, तीच, चिमणी, काय सांगू तुम्हाला. वहिनी समाचाराला आल्यात अशीच तिची समजूत. चिमणीनं आईची बोटं आपल्या चेहऱ्यावरून फिरवली. आईनं भुवया शोधल्या, त्या अर्ध्यावरच संपत होत्या. गाल दाबले, ते पिठाच्या गोळ्यासारखे. केस हातात घेतले, ते काथ्यासारखे. “नाही,” आई म्हणाली, अगदी मायेनं, समजूत घालत. “तुम्ही चांगल्या आहात. पण असं करू नका. मला त्रास होतो.” चिमणी आईचा हात छातीशी घेऊन मी, मी, मी असं म्हणत राहिली. आई म्हणाली, “हो, तुम्ही. तुम्हीच आहात आता.”

वहिनींनीच चिमणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिचं म्हणणं, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, आईला दाखवायला हवं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी तुमचे हात बघू.” मनगट वाकवून धरलं, तर बोटांतून वीज गेली. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण खाली यायला विसरला, मग आठवल्यासारखा संथपणे परत आला. तिघीही त्या पायाकडे बघत राहिल्या. “थंडी फार वाजते? झोप येत राहते? आवाज असाच होता का?” रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली आहे, त्या म्हणाल्या, त्यामुळे सगळंच मंद झालंय, मनगटात सूज येऊन शीर दाबली जातेय, म्हणून बोटं बधिर. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. “हात परत येतील?” चिमणीनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या, “येतील हो. गेलेत कुठे? पण घाई करू नका, वेळ लागेल.” जिन्यात वहिनी म्हणाल्या, “बघा, नावाला एक रोग निघाला, म्हणजे भूतबित काही नाही.” भुताचं चिमणी त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या, मालक तिला दुपारीच घरी सोडायला लागले. पहिले कितीतरी दिवस काहीच फरक पडेना, आणि त्या दिवसांतच आई बोलकी झाली. शोक जुना व्हायला लागतो तेव्हा माणूस जेवायला लागतं. तशी आई जेवायला लागली, आणि दुपारी त्या बाईची वाट बघायला लागली. हाताच्या पाठीवरचं बोलणं एके दिवशी तळव्यावर आलं. तुम्ही जाऊन तू आलं. “तुझा हात गार आहे, पण थांबतो,” आई म्हणाली. “माझ्या चिमणीचा हात थांबायचा नाही. गुणाची होती पोर, सगळं करायची. चहा, औषध, आंघोळ, झालं, चालले. मी बोलायला बोट उचलायचे तर हात गेलेला असायचा. मग मी हवेत बोट धरून बसायचे.” चिमणीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. “कधी बोलली नाहीस तिला?” तिनं अडखळत विचारलं. तिच्या जड बोटांचं बोलणं आईला आता कळायला लागलं होतं, बोबड्या पोराचं कळतं तसं. “तिला वाईट वाटलं असतं,” आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “तिचे बाबा गेले तेव्हा तिनं येऊन सांगितलं, गेले. आणि हात काढून घेतला. तिला खूप कामं होती तेव्हा, माणसं यायची होती. मला विचारायचं होतं, शेवटी त्यांचे हात हलत होते का. माझ्याशी काही बोलत होते का.” चिमणीच्या डोळ्यांपुढे ती इस्पितळातली चादर आली. त्यावर बाबांची बोटं सारखी हलत होती. नर्स म्हणाली होती, असं होतं शेवटी, काही अर्थ नसतो त्याला. आणि चिमणीनं, जिला ती बोली येत होती, तिनं वाचायला म्हणून पाहिलंच नव्हतं. ती फोन करत होती. “हलत होते,” तिनं सांगितलं. आईनं तिला कसं माहीत हे विचारलं नाही. फक्त तो गार हात दोन्ही हातांनी धरला आणि संध्याकाळ होईपर्यंत धरून ठेवला.

मग हात आले. एकदम नाही, आधी अंगठा, मग तर्जनी, पाहुणे एकेक करून घरी यावेत तसे. दुकानात तिनं चिमट्याशिवाय स्क्रू उचलला आणि मालकांनी “अरे वा, डोळे उघडले!” म्हणून टाळी दिली. फोनवरचा साहेब पुन्हा बाई झाला. आरशातली ती फुगीर बाई दिवसेंदिवस ओसरत गेली आणि एके दिवशी गिऱ्हाइकांच्या मागे चिमणीच उभी होती. खरं तर आनंदानं नाचायला हवं होतं. पण सकाळी पांघरुणात दुसरा हात सापडत नाही याची तिला चुटपूट लागायची. सकाळच्या गोळीची बाटली हातात घेऊन ती कधी कधी उगाच उभी राहायची. मग गोळी घ्यायची. न घेऊन सांगते कुणाला?

ज्या सकाळी तिला पक्की खात्री वाटली त्या सकाळी तिनं हात चोळून गरम केले, आईपाशी बसली, आणि टुक टुक. आईनं श्वास रोखला. पुन्हा टुक टुक. आईच्या तोंडातून तो तिचा ओबडधोबड आवाज निघाला, वर्षानुवर्षं चिमणीनं न ऐकलेला, आणि आईनं तिला ओढून कुशीत घेतलं. “चिमणे! चिमणे गं! कुठे गेली होतीस? मला सांगितलं तू गेलीस!” मायलेकी रडल्या, हसल्या. आईनं भुवया शोधल्या, सापडल्या. केस ओढून बघितले. आता सगळं सांगायचं असं चिमणीनं ठरवलं होतं, आजार, बोटं, चूक. ती सांगायलाही लागली, बोटं भराभर चालत होती, कितीतरी दिवसांनी चालत होती. आईनं मधेच तिचा हात घट्ट धरून थांबवला. “ती कुठे आहे?”

“कोण?”

“थंड हाताची. तिला सांगायला हवं तू आलीस म्हणून. तिला किती बरं वाटेल.”

“आई, ती मीच होते.”

आई खुदकन हसली, जुन्या सवयीनं चिमणीच्या गालावर टिचकी मारली. “चल, थट्टा करतेस म्हातारीची. तुला कामं असतील, जा तू. तिला पाठव दुपारी. तिला वेळ असतो.”

दुपार होताच चिमणी फ्रिजमधला बर्फ घेऊन मोरीत गेली. वहिनी विचारत होत्या, “ओळखलं ना? ओळखलं ना?” ती म्हणाली, “ओळखलं,” आणि दार लावून घेतलं. बर्फ बादलीतल्या पाण्यात ओतून तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. हाडं दुखायला लागली तरी काढले नाहीत. बोटं लाल झाली, मग पांढरी, मग तिला ती कळेनाशी झाली, आणि जिवाला बरं वाटलं. मग ती खोलीत आली, जमेल तितकी जड पावलं टाकत. पलंगावर बसली, आणि हात आईच्या तळव्यावर नुसता ठेवला. आईनं लगेच सरकून जागा करून दिली. “आलीस. बस. तुला एक सांगायचंय. माझी मुलगी आली परत.” आईचा चेहरा उजळला होता आणि चिमणीला तो बघवेना. “पण तू येत जा हं. तिला सांगू नकोस. ती असते तेव्हा मला बोलताच येत नाही गं.” आई बोलत राहिली. लहानपणचा ताप, शेवटचं ऐकलेलं काहीतरी, जे ती कुणालाच बोलली नव्हती. चिमणी ऐकत होती, एक बोटसुद्धा न हलवता, आणि आईच्या हातांत तिचा हात हळूहळू ऊब धरत होता. गारच राहा म्हणून तिनं मनातल्या मनात त्याला परोपरीनं विनवलं. आईची बोटं एकाएकी थांबली. तिनं तो हात उलटा केला, सुलटा केला, आपल्या गालाला लावून बघितला.

“तुझाही हात गरम व्हायला लागला,” आई म्हणाली. “तूही चाललीस?”

उत्तर कुणी द्यायचं तेच चिमणीला कळेना.